विकलेल्या घराचं भाडं

दोन हजार साल उलटून पाच-सहा वर्षं झाली होती तेव्हा आम्ही जर्मनीत आखनमध्ये राहत होतो. नवरा गाड्यांच्या गिअरबॉक्सवर काम करायचा, मी जर्मनच्या वर्गाला जायचे. घरमालकीणबाई खालच्या मजल्यावर एकट्याच राहत. सत्तरी उलटलेली. त्या हिवाळ्यात त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, म्हणून बँकेचा फॉर्म भरायला त्यांनी मला बोलावलं. पैसे ऑस्ट्रेलियाला जायचे होते.

"कशासाठी म्हणून लिहू?"

"मीटे लिहा. भाडं."

मला हसूच आलं. "अहो, घर तर तुमचंच आहे. भाडं कोणाला देता?"

मग त्यांनी सांगितलं. लग्नानंतर त्या नवऱ्याबरोबर तिकडे गेल्या होत्या. ओढ्याकाठी जमीन स्वस्तात मिळाली, घर बांधलं, मुलगा तिथेच झाला. एक आदिवासी म्हातारी अधूनमधून कुंपणापाशी येऊन उभी राहायची. बाईंना वाटलं, भुकेली असेल. त्या पाव घेऊन गेल्या. तिने तो घेतला नाही. म्हणाली, "मी इथे जन्मले. ओढा बघायला येते."

"मग?"

"मग काय, घरात आले आणि दार लावून घेतलं. फार लाज वाटली. दुसऱ्या दिवसापासून फाटक उघडं ठेवायला लागले, पण ती पुन्हा आली नाही."

पुढे ते घर चांगल्या किमतीला विकून ही मंडळी जर्मनीत परतली. बऱ्याच वर्षांनी तिथल्या मैत्रिणीने कळवलं, की काही लोक आता मूळ रहिवाशांना आपणहून भाडं देतात. पैशांचं काय करायचं ते त्यांचीच माणसं ठरवतात. जमिनीचे दावे असोत, नाहीतर मुलांना भाषा शिकवणं असो.

"पैसे कुठे गेले ते कळतं तुम्हाला?" मी विचारलं.

"तुम्ही मला भाडं देता. त्याचं मी काय करते, कधी विचारलंत?"

उन्हाळ्यात सासरे आले. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. बागेत कॉफी पिताना बाईंनी हीच गोष्ट त्यांना सांगितली, मी मराठीत सांगत गेले. वर आल्यावर बाबा म्हणाले, "आमच्या धरणात गावं गेली ना, त्यांची मोजणी मी केली होती. एका घरी मला जेवायला वाढलं होतं गं. मी कशाला आलोय ते ठाऊक होतं त्यांना, तरी वाढलं."

"बाबा, तुमची नोकरी होती ती."

"हो. नोकरीच होती."

दुसऱ्या दिवशी मला घेऊन ते खाली गेले, बाईंना ती मोजणीची गोष्ट सांगितली. "त्यांना विचार, मी आता काही द्यायला गेलो तर लोक रागावतील का?"

बाईंनी जरा विचार केला. "जा, रागावतील. रागावू द्या त्यांना. आणि काय हवंय ते आधी विचारा."

भारतात परतल्यावर बाबा त्या पुनर्वसन झालेल्या गावात गेले. मला फोनवर म्हणाले, "बराच वेळ कोणी बसा म्हणेना. एक म्हातारी म्हणाली, आत्ता आठवण झाली होय? मी म्हटलं, हो, उशीर झाला." मग काय हवंय ते बाबांनी विचारलं. गावकऱ्यांना देऊळ नको होतं, शाळेला कोणाचं नावही नको होतं. बदल्यात मिळालेल्या जमिनी अजून नावावर झाल्या नव्हत्या. वकील हवा होता. बाबा पेन्शनमधून दर महिन्याला गावाच्या समितीकडे पैसे देऊ लागले. तारखेला कोर्टात जात, मागच्या बाकावर बसत. कोणी विचारलं तरच बोलत.

दोन वर्षांनी काही घरांचे सातबारे झाले. मी ते सांगायला खाली गेले. बाईंना सातबारा म्हणजे काय ते समजावता समजावता माझंच जर्मन अडखळायला लागलं. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "सावकाश. मला सगळं ऐकायचंय." बाकीच्यांचा दावा चालूच होता. बाबा दर तारखेला एस्टीने जात राहिले.