शिवेपलीकडचं गाऱ्हाणं

एप्रिलच्या शेवटी शाळांना सुट्टी लागली की आम्ही तिघे गोव्याला जायचो. ही ऐंशीच्या दशकातली, गोवा अजून केंद्रशासित होता तेव्हाची गोष्ट. एक मास्तर, एक मिरकरवाड्याच्या जेटीवर लाँचची इंजिनं दुरुस्त करणारा मिस्त्री आणि मी सरकारी कचेरीतला कारकून. घरी सांगायचं कारण दरवर्षी एकच, देवदर्शन. दैवत कुठलं ते घरच्यांनाही ठाऊक होतं, पण कोणी विचारत नसे. सोबत कपड्यांची एक पिशवी आणि आंब्यांची पेटी. रत्नागिरीचा माणूस परमुलखात निघाला की हापूस घेऊन निघतो, समोरच्याला हवा असो वा नसो. गोवेकरांना त्यांचा मानकुराद आंबा प्यारा, हे आम्हाला माहीत होतं. तरी त्यांची आवड सुधारायचा नाद आम्ही सोडला नव्हता.

एस.टी. हातखंब्याला हायवेला लागली की मास्तर शर्टाचं वरचं बटण सोडायचा. बांद्याच्या पुढे नाका. अलीकडे परमिटशिवाय घोट घेणं गुन्हा, पलीकडे पावलागणिक दुकान. माती तीच, माड तेच, पण नाका ओलांडला की आम्ही जरा मोठ्याने हसायला लागायचो.

म्हापशाजवळ नदीकाठी एका ख्रिस्ती बाईची खानावळ होती. खानावळ कसली, घराचीच पडवी आणि चार बाकडी. त्या दिवसांत उर्राक मिळायचा, काजूच्या बोंडांची कोवळी दारू. त्यात लिंबू, सोडा, मीठ आणि उभी चिरलेली हिरवी मिरची. मग लाल मसाला भरून तळलेला बांगडा, तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं, माशाची आमटी आणि उकडा भात. जेवण दोन-तीन तास चालायचं. नंतर तिथेच बाकड्यावर आडवं व्हायचं. पुढे मी बऱ्याच ठिकाणी जेवलो, पण इतकं निवांत कुठेच नाही.

पहिल्या घोटाआधी मास्तर उभा राहून गाऱ्हाणं घालायचा. राजापुराकडच्या त्याच्या गावी हे काम त्याच्या वडिलांचं. एकाने देवापुढे मागणं मांडायचं आणि बाकीच्यांनी दर वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणून दुजोरा द्यायचा. एक जण जरी गप्प राहिला तरी मागणं अर्ध्या वाटेत अडतं, असं मास्तर सांगायचा. देवळातलं गाऱ्हाणं गुत्त्यात आणणं हा चावटपणाच. पण आमच्याकडचा माणूस देवाची थट्टा करतानाही मनातून टरकून असतो.

त्या वर्षी मिस्त्रीने मुंबईला जाऊन बोटीवरच्या नोकरीसाठी मुलाखत दिली होती. पत्र यायचं होतं. ते येऊ नये असं मला वाटत होतं. संध्याकाळी कचेरी सुटली की मी घरी न जाता जेटीवर जायचो. तो इंजिनात डोकं घालून बोलायचा आणि मी खोक्यावर बसून ऐकायचो. बायकामुलं असलेल्या माणसाने बोलू नये, पण दिवसातला तेवढाच तास मला माझा वाटायचा.

मास्तर पेला घेऊन उभा राहिला.

“बा देवा म्हाराजा, ही तुझी तीन लेकरं शीव वलांडून परमुलखात आलीत.”

“व्हय म्हाराजा.”

“त्यांच्या पोटाची आणि डोक्याची राखण कर.”

“व्हय म्हाराजा.”

“आणि ह्या आमच्या मिस्त्रीला बोटीवर नोकरी लागू दे.”

मिस्त्री हसत ‘व्हय म्हाराजा’ म्हणाला. आतून बाईही म्हणाली, गळ्यात क्रूस आणि हातात कालथा घेऊन. मी मिरची चावत बसलो. मास्तरने मागणं पुन्हा म्हटलं. मी पुन्हा गप्प.

परतीच्या बसमध्ये मास्तर खिडकीला डोकं टेकून घोरत होता. मिस्त्रीने मला हळूच विचारलं, “तू गप्प का ऱ्हायलास?”

“तोंडात मिरची होती.”

“खरं सांग. जाऊ की नको?”

नको, हे ओठांवर आलं होतं. पण त्याच्या दोन बहिणी लग्नाच्या होत्या, जागा भाड्याची होती. कुठल्या तोंडाने सांगणार? शिवाय मला रागही आला होता. हे विचारावं लागतं का?

“जा की,” मी म्हटलं. “कोण अडवतंय तुला?”

त्याने पिशवी मांडीवर घेतली आणि हातखंबा येईपर्यंत डोळे मिटून घेतले.

जूनमध्ये पत्र आलं आणि तो गेला. बहिणींची लग्नं झाली, तो परदेशातच स्थायिक झाला, मग त्याने आईलाही तिकडे नेलं. पुढच्या एप्रिलला मास्तर आणि मी दोघेच गोव्याला गेलो. मास्तर गाऱ्हाण्याला उभा राहिला, दुजोरा द्यायला मी एकटाच आहे हे त्याच्या लक्षात आलं आणि तो खाली बसला. त्यानंतर आम्ही गेलो नाही. अजूनही एप्रिलमध्ये कुणाकडे काजूच्या बोंडांचा वास आला की माझा जीव कासावीस होतो.

गेल्या वर्षी मिस्त्रीचा परदेशातून फोन आला. म्हातारपणी माणसं सरळ बोलतात. म्हणाला, “त्या दिवशी बसमध्ये तू नको म्हणशील म्हणून मी थांबलो होतो. एकदा म्हणायचंस रे.”

“मग आता ये,” मी म्हटलं.

पलीकडे तो नातवाशी इंग्रजीत काहीतरी बोलला. मग मला म्हणाला, “बघू.”

रत्नागिरीचा माणूस ‘बघू’ म्हणाला की काय समजायचं, ते मला कुणी सांगायला नको.