नानांच्या धाकातली लिपस्टिक

बाथरूमच्या जाळीत केस साठतात तसे आमच्या खोलीत किस्से साठलेत. एक ओढावा तर त्याला गुंतून दुसरा येतो. लोकांना वाटतं, तीन मुलींच्या खोलीतले किस्से म्हणजे नुसती खिदळाखिदळ. आमच्या प्रत्येक किश्शात आधी भीती आलेली आहे. हसू नंतर आलं, तेही दार लावून.

खोली नगरला, सावेडीत. घरमालकीण काकू खाली, आम्ही वर. मी देवळाली प्रवरेची. रुखसार खर्ड्याची, तिच्या अब्बांचं शिलाईचं दुकान आहे, त्यामुळे कुठला रंग कोणाला खुलेल हे तिला एका नजरेत कळतं. आणि अश्विनी कोल्हारची. भीती खरी होती ती अश्विनीला, पण एका खोलीत राहिलं की सर्दी आणि भीती सगळ्यांनाच लागते.

अश्विनीचे वडील ट्रकवर, महिनोन् महिने बाहेर. घरात शब्द चालतो तो चुलत्यांचा, म्हणजे नानांचा. बीएस्सीला पाठवताना नानांनी अट घातली होती, "शिक, पन साधं राहायचं. तोंडाला रंग फासलेला दिसला की त्याच दिवशी सामान गुंडाळायचं."

ही पोकळ धमकी नव्हती. नानांनी स्वतःच्या मुलीचं कॉलेज दुसऱ्या वर्षात बंद केलं होतं. कारण नेलपॉलिश. आता तिच्या कडेवर मूल आहे. अश्विनीचं हे शेवटचं वर्ष होतं, परीक्षा तेवढी पार पडायची होती.

मग मेकअप करायचाच कशाला, असं मोठी माणसं विचारतील. मोठ्या माणसांना प्रश्न विचारायची फार हौस, उत्तर ऐकायची नाही. आरशात बघावंसं वाटतं. एवढंच उत्तर आहे.

*

आमची भिशी होती. बायका भिशीतून सोनं करतात, आम्ही लिपस्टिक करायचो. रविवारी संध्याकाळी मेस बंद असते, तेव्हा बाहेर खायला म्हणून घरून मिळायचे ते पैसे भिशीत आणि पोटात चुरमुरे. जिचा महिना तिनं वस्तू निवडायची, वापरायची तिघींनी.

पहिला महिना अश्विनीचा निघाला. कापडबाजारात गेलो. दुकानदार लावून बघायला देतो म्हटल्यावर आम्ही अख्खं दुकान हातावर लावून बघितलं. अश्विनीच्या डाव्या हाताच्या मागच्या बाजूला मनगटापासून कोपरापर्यंत लाल रंगाच्या रेघा झाल्या. एक लिपस्टिक घेऊन बाहेर पडतोय तोच नानांचा व्हिडिओ कॉल.

तिनं डावा हात पाठीमागे नेला. चेहरा असा पांढरा पडला की रुखसार नंतर म्हणाली, "त्या वेळी तुला फाउंडेशनची गरजच नव्हती."

"हात का मागं घेतलास?" नाना.

"शाई सांडली, नाना. प्रॅक्टिकलला."

"बघू."

हात पुढे आला. नानांनी बराच वेळ बघितलं. "एवढी लाल?"

"केमिस्ट्रीत लालच असतं, नाना."

"बरं. साबनानं धू," नाना म्हणाले. मग जरा अभिमानानं शेजारच्या कोणाला तरी सांगताना ऐकू आले, "पोरगी केमिस्ट्रीत हाय आमची."

*

लिपस्टिक एक आणि माणसं तीन, म्हणून रुखसारनं तोडगा काढला. चमच्यात लिपस्टिक वितळवायची, त्यात जरा खोबरेल तेल, आणि रिकाम्या बामच्या डब्यांत तिघींचे वाटे. मेणबत्तीवर चमचा धरला आणि खोलीत असा वास सुटला की काकू चपला न घालताच वर आल्या.

काकूंचं वेगळंच. त्यांच्याकडे आम्हा तिघींच्या घरचे नंबर. महिन्याला एकदा त्या सगळ्यांच्या घरी फोन करून "मुली ठीक आहेत" सांगतात, आणि ठीक नसलं तर तेही.

"काय जळतंय गं?"

अश्विनीनं फुंकून मेणबत्ती विझवली. तोंड माझंच चालतं, म्हणून मी बोलले, "मलम करतोय, काकू. ओठ फुटलेत."

"आणि रंग?"

"बिटाचा," रुखसार म्हणाली.

काकूंचा चेहरा उजळला. आजकालच्या मुली घरगुती औषधं करतात हे बघून त्यांना गहिवरून आलं. "माझ्या टाचांना लई भेगा पडल्यात," म्हणत त्यांनी सर्वांत भरलेली डबी उचलली. ती अश्विनीची होती.

पुढचे काही दिवस काकू नव्या नवरीसारख्या लाल टाचा घेऊन अंगणात फिरत होत्या. प्रत्येक वेळी त्यांनी फोन हातात घेतला की आम्ही जिन्यात कान लावून उभ्या. शेवटी तो कोल्हारचा फोन लागला. "अहो, तुमची अश्विनी फार गुणाची," काकू सांगत होत्या, "माझ्या टाचा मऊ केल्या तिनं."

*

स्वस्तातलं कधी घ्यायचं नाही हे आम्हाला काजळानं शिकवलं. गाड्यावरचं काजळ होतं, कंपनीचं नाव एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला वेगळंच. सकाळी अश्विनीचा डोळा सुजून बंद झाला. दोन दिवसांवर प्रॅक्टिकल. "मला दिसत नाहीये, प्राजे," ती सारखी म्हणत होती, आणि मी "दिसेल, दिसेल" म्हणत होते.

डॉक्टरांनी डोळा धुतला, औषध लिहिलं आणि म्हणाले, "पालकांशी बोलायचंय. नंबर दे."

तिनं माझा नंबर दिला.

मी बाहेरच्या बाकावर बसलेली. फोन वाजला. मी आवाज जाड केला, पदर नव्हता म्हणून ओढणी तोंडावर धरली. "व्हय, मी अश्विनीचा चुलता बोलतोय. काय म्हन्ता डाक्टर? लई झालंय का?"

मग डॉक्टरांचा आवाज फोनमधूनही आला आणि दारातूनही आला, "सिस्टर, बाहेर ओढणी घेतलेले चुलते बसलेत, त्यांना आत पाठवा."

त्यांनी कोणालाही फोन केला नाही. फक्त जाताना माझ्याकडे बघून म्हणाले, "काका, पुतणीला गाड्यावरचं काजळ घेऊन देऊ नका."

*

मग आमचा मोठा खर्च. दोन महिन्यांची भिशी एकत्र करून चांगल्या कंपनीचं फाउंडेशन मागवलं, अश्विनीच्या नावावर, कारण सूट तिच्या मोबाईलवर दिसत होती. पैसे आधीच भरलेले.

पार्सल आलं त्या सकाळी नाना गेटपाशी उभे होते. कोर्टाच्या कामाला नगरला आले होते, पुतणीला बघून जावं म्हणून न सांगता वाट वाकडी केली. डिलिव्हरीवाल्यानं नाव विचारलं आणि नानांनी पार्सल हातात घेतलं.

आम्ही जिन्यात. "संपलं," अश्विनी म्हणाली. "आता गुंडाळा सामान." खरं सांगते, मी मनात तिची गादी कशी बांधायची याचा विचारसुद्धा करून टाकला.

"हे काय हाय?" नानांनी पार्सल कानाशी नेऊन हलवलं. आत बाटली डुचमळली.

"पुस्तक," अश्विनी म्हणाली.

"पुस्तक वाजतं व्हय?"

त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि चिकटपट्टीला लावली. माझं डोकं फिरलं. भीतीनं माझं नेहमी डोकंच फिरतं. मी खाली जाऊन त्यांच्यासमोर उभी राहिले. "नाना, बायकांचं सामान आहे ते. महिन्याचं. फोडायचं असेल तर फोडा."

नानांनी पार्सल पायरीवर ठेवलं. ठेवलं कसलं, हात भाजल्यासारखं सोडलं. आणि मागे न बघता गेटपर्यंत गेले. "पुतनीला म्हनावं जपून राहा," एवढं रस्त्याकडे तोंड करून बोलले.

ज्या गोष्टीचा उच्चार यांना चालत नाही, देवघरात जायला जिच्यामुळे बंदी करतात, त्या गोष्टीनं जन्मात पहिल्यांदा आमच्यावर उपकार केले.

*

ते फाउंडेशन अश्विनीनं गॅदरिंगला लावलं. समूहनृत्य होतं, नऊवारी, पहिल्या ओळीत ती. रुखसारनं तिला असं काही सजवलं की आम्ही तिघी आरशासमोरून हललोच नाही. कोणीतरी फोटो काढला. हल्ली फोटो कुठे जाईल ते फोटोतल्या माणसाच्या हातात नसतं. दुसऱ्या दिवशी तो कोल्हारच्या ग्रुपवर पोचला.

नानांचा फोन वाजत राहिला आणि अश्विनी त्याच्याकडे साप बघावा तशी बघत राहिली. तिसऱ्यांदा वाजल्यावर उचलला. आवाज मोठ्यावर ठेवला, कारण एकटीनं ऐकायची हिंमत नव्हती.

"फोटो बघितला गॅदरिंगचा," नाना म्हणाले. "तुझ्या कॉलेजातल्या पोरी हायेत ना त्या?"

"हो, नाना."

"पुढं उभी हाय ती कोन? चांगल्या घरची दिसती. तू का न्हाई गेलीस?"

अश्विनीनं आमच्याकडे बघितलं. "अभ्यास होता, नाना."

फोन ठेवल्यावर मी आणि रुखसार पलंगावर लोळून हसलो. अश्विनी हसली नाही. ती उठून आरशापाशी गेली. "एकवीस वर्षं त्यांच्यासमोर वावरतेय गं," ती म्हणाली, "आणि ओळखलं नाही."

आमचं हसू तिथेच थांबलं.

*

परीक्षेला महिना उरला होता तेव्हा नानांचा पुन्हा फोन आला. या वेळी आवाज मऊ होता, म्हणूनच आम्ही घाबरलो. "रविवारी घरी ये. पाव्हने येत्यात बघायला. पोरगा पुन्याला कंपनीत हाय. जमलं तर लगीच उरकून टाकू, परीक्षेचं काय, पुढच्या वर्षी बी देता येती." मग जरा थांबून, "आन् तोंडाला कायतरी लावून ये. उजळ दिसली पायजे."

मी ओरडायला तोंड उघडलं, पण अश्विनीनंच हात वर केला. ती घाबरलेली होती. तरी आवाज सरळ. "लावून ये म्हणाले ना? मग लावू या. भिशीत काय आहे ते सगळं काढा."

सगळं काढलं. पाण्यानं न निघणारं, घामानं न निघणारं, दिवसभर टिकणारं असं जे जे मिळालं ते घेतलं. रविवारी मी तिच्याबरोबर तारकपूर स्टँडवरून एसटीनं कोल्हारला गेले. मागच्या खोलीत दार लोटून रुखसारनं लिहून दिल्याप्रमाणे सुरुवात केली, आणि मग अश्विनी म्हणत गेली, "अजून. अजून लाव." ओठ गडद लाल. पापण्या निळ्या. गालांवर गुलाबी. भुवया कोळशानं ओढल्यासारख्या. तिची आई आरसा धरून उभी होती. तिनं मला हळूच विचारलं, "हे निघतं कशानं?"

"खोबरेल तेलानं, मावशी. साबणानं नाही."

अश्विनी पोह्यांचं ताट घेऊन बाहेर गेली. नानांच्या हातातला चहा बशीत सांडला. पण उजळ दिसली पाहिजे असं त्यांनीच सांगितलं होतं, आणि पाव्हणे समोर बसले होते.

मुलाच्या आत्यानं तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "पोरी, तोंड धुऊन ये बरं. आमच्यात पद्धत हाय. खरा रंग बघितल्याबिगर आमी व्हय म्हनत न्हाई."

अश्विनी मोरीवर गेली, साबण लावून तोंड धुतलं, पुसलं, परत येऊन बसली. ओठ लाल, पापण्या निळ्या.

"नीट धू."

ती पुन्हा गेली. बेसन लावून धुऊन आली. तेच. आत्याबाई स्वतः उठल्या, तिच्या गालावर पदर घासला. पदराला रंग लागला नाही. मुलगा मोबाईलमध्ये बघत होता.

"तेल आना," आत्याबाई म्हणाल्या. "तेलानं निघल."

मागच्या खोलीच्या फळीवर तेलाची निळी बाटली मला दारातून दिसत होती, गळ्यापर्यंत भरलेली. अश्विनीची आई तिच्याशेजारीच उभी होती.

"तेल संपलंय," आई म्हणाली.

पाव्हणे उठले. कळवतो म्हणाले. पोहे तसेच राहिले.

संध्याकाळी नाना आम्हाला स्टँडवर सोडायला आले. नगरची गाडी आली, मी चढले, अश्विनीचा एक पाय पायरीवर. तेव्हा नानांनी तिच्याकडे पहिल्यांदा सरळ बघितलं. बराच वेळ बघितलं.

"हे निघनार कवा?"

"परीक्षा झाली की, नाना," अश्विनी म्हणाली, आणि आत जाऊन खिडकीशी बसली.