मातीच्या बैलाचा मंत्र

सोमीबाईची गोष्ट सांगायची म्हणजे आधी माझी लाज सांगावी लागते, म्हणून इतकी वर्षं गप्प राहिलो.

मी कुंभार. एकोणीसशे तीसच्या आसपास नवापूरच्या बाजारात मातीचे बैल-घोडे विकायचो. डोंगरातली माणसं ते देवाच्या ठाण्यावर वाहत, घरची जनावरं सुखरूप राहावीत म्हणून. सोमीबाईही त्यासाठीच आली. एकटी बाई, दोन बैलांवर शेती, त्यातला एक नुकताच मेलेला. उरलेला तरी जगू दे, एवढंच तिचं मागणं. बैल निवडायला तिने तासभर लावला. शिंगं बघितली, वशिंड चाचपलं, जणू जितं जनावरच घेत होती. मला चेष्टा सुचली.

"देवले कसाले देस? गोठामा ठेव. मी तुले मंत्र देस. एकवीस दिन म्हण, जित्ता बैल उभा ऱ्हाई."

आणि तोंडाला येईल ते बरळलो. शेजारचा नथ्थू तेली पोट धरून हसला. तिने मात्र ते माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं आणि बैल पदरात गुंडाळून नेला.

महिन्याने ती परत आली. उरलेल्या बैलाने चारा सोडला होता. देवाचा बैल हिने घरात ठेवला म्हणून असं झालं, असं गाव म्हणत होतं. पण माझ्यावर तिचा राग नव्हता.

"भाऊ, आयक बरं. मन्हं कठे चुकस?" बाजारापुरत्या अहिराणीत एवढं बोलून तिने डोळे मिटले आणि मंत्र म्हणायला लागली. सगळाच्या सगळा. मी तर तो केव्हाच विसरलो होतो.

तेव्हाच सांगायला हवं होतं, बाई, ती थट्टा होती, आजच्या आज बैल देवाला नेऊन दे. शब्द ओठांवर आलेही. पण नथ्थू बघत होता, आणि चारचौघांत खोटा ठरायची मला भीती वाटली.

"तोंड कोणीकडे व्हतं तुन्हं?" मी विचारलं.

"मावळतीकडे."

"मंग! उगवतीकडे पाह्यजे."

तिचा चेहरा उजळला. "मन्हीच चूक शे, भाऊ," म्हणत तिने वाकून माझ्या पायांना हात लावला. मी पाय मागे घेतले नाहीत.

त्यानंतर नवापूरच्या बाजाराला मी गेलो नाही. तिचा बैल जगला की मेला, हे कुणाला विचारायचीही मला हिंमत झाली नाही.