रिकामी चिठ्ठी

मीटिंग संपली की स्क्रीनवरचा फळा आवरायची मला खोड आहे. एका दवाखान्याच्या ॲपचा आराखडा करताना आम्ही सहा जण आपापल्या घरून त्या फळ्यावर रंगीत चिठ्ठ्या चिकटवतो. नंतर मी त्या ओळीत लावतो आणि रिकाम्या पुसून टाकतो.

परवा मालतीताईंचा फोन आला. त्या आमच्यात सर्वांत मोठ्या, आणि मीटिंगमध्ये सर्वांत कमी बोलणाऱ्या. "कोपऱ्यातली माझी चिठ्ठी कुठे गेली हो?"

"ती रिकामी होती, ताई."

"असेना का! एसटीत जागेवर टाकलेला रुमाल कुणी उचलतं का?"

मी ओशाळलो. खरंच, खिडकीतून टाकलेल्या रुमालाचा मान सगळी गाडी राखते. माणूस अजून खाली गर्दीत असतो, पण त्याची जागा झालेली असते. आमच्या फळ्यावर मात्र ज्याला पाच मिनिटांत सुचेल, त्याचंच खरं. सावकाश सुचणाऱ्यांचे किती रुमाल मी आजवर उचलून फेकले असतील, कोण जाणे.

आज ताईंनी पुन्हा तशीच कोरी चिठ्ठी लावली. मी पसारा होता तसा राहू दिला. दुपारी सहज फळा उघडला, तर त्यांच्या नावाचा माउसचा बाण कोपऱ्यात थांबलेला होता आणि चिठ्ठीत एकेक अक्षर उमटत होतं: 'पेशंटने कुठे जायचं ते आपण दाखवलंय. सोबत आलेल्या माणसाने बसायचं कुठे?'