‘दवंडी पिटणे’चा अर्थ

माझे वडील सोलापुरात सरकारी दवंडी पिटायचे. एकदा त्यांनी हलगी वाजवत पेठापेठांतून पुकारलं, “नवा हौद सगळ्या जातींना खुला हाय हो!” त्याच दुपारी आई तिथं पाणी भरायला गेली, तर लोकांनी तिची घागर फोडून तिला हाकललं.

वडील तडक कचेरीत गेले. कारकून म्हणाला, “तुझं काम ओरडायचं. पुढचं आम्हाला विचारू नकोस.”

वडिलांनी हलगी त्याच्या टेबलावर आपटली. “मग ही खोटी दवंडी तुमीच पिटा की!”

नोकरी गेली.

पुढे शाळेत मास्तरांनी ‘दवंडी पिटणे’चा अर्थ सांगितला, ‘सर्वांना जाहीर कळवणे’. संतापाने मी वहीत वेगळंच लिहिलं, ‘गरिबाच्या तोंडून खोटं बोलणे’. मास्तरांनी हातावर छड्या मारल्या, पण मी ते खोडलं नाही.