नागपूरहून काय आणलं, गुरुजी?

किस्से कसे साठतात ते कळायला आमच्या शाळेच्या कपाटाचा खालचा कप्पा बघायला हवा होता. वरच्या कप्प्यात हजेरीबुकं, मधल्यात खडू, आणि खाली नागपूरहून आणलेल्या वस्तू. ज्या कुणाच्याच कामी आल्या नाहीत त्या सगळ्या तिथं! दार उघडलं की एखादी वस्तू पायावर पडायची आणि तिच्यामागून तिचा किस्सा. मी रिटायर झालो, कप्पा कुणाच्या ताब्यात गेला देव जाणे. किस्से मात्र माझ्या गळ्यात पडले ते पडलेच.

आमची बालाघाटची मराठी प्राथमिक शाळा. शिकवणारे चार. हेडमास्तर लांजेवार गुरुजी, मेश्राम मास्तर, सुमनबाई आणि मी. छप्पन साली प्रांतांची वाटणी झाली, नागपूर तिकडे गेलं आणि आम्ही इकडे मध्यप्रदेशात राहिलो. भिंतीपलीकडे हिंदी शाळा होती. ती दरवर्षी भरत गेली आणि आमची रिकामी होत गेली. तेव्हा गुरुजींनी नियम काढला. "जो कोणी नागपूरले जाईन, लग्नाले जावो का मयतीले, त्यानं शाळेसाठी तिथली एक वस्तू आणाची. नातं तुटू द्याचं नाई!"

नात्याचं काय झालं ते पुढे येईलच. कप्पा मात्र भरला.

*

मेश्राम मास्तर दर दसऱ्याला नागपूरला जायचे. छोट्या गाडीनं गोंदिया, तिथून मोठी गाडी. एका दसऱ्याला सुमनबाईंनी त्यांच्याजवळ बांगड्यांचं माप दिलं. माप म्हणजे काय, हाताभोवती लाल दोरा गुंडाळायचा आणि बरोबर गाठ मारायची. "हिरव्या आणजा मास्तर, बारीक काचेच्या. अन् दोरा सांभाळजा."

मास्तर तीन दिवसांनी परत आले. हातात मुलांच्या गोष्टींची तीन पातळ पुस्तकं, गुंडाळी केलेली, आणि गुंडाळीला लाल दोरा!

"बांगड्या कुठं हायेत?" बाईंनी विचारलं.

"पुस्तकं सुटून राह्यलती बाई. दुसरं काही नव्हतं बांधाले."

"अन् माप?"

"गाठ सोडा लागली ना."

बाईंचा पारा चढला. "मंग मी काय आता हातात पुस्तकं भरू?"

"भरा ना," मास्तर शांतपणे म्हणाले, "फुटत तर नाईत!"

बाई आठ दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. मास्तरांनी ती पुस्तकं मोठ्या हौसेनं चौथीला वाटायला नेली. चौथीत त्या वर्षी पाच पोरं होती. त्यातल्या दोघांना मराठी वाचता येत होतं, आणि त्या दोघांनी ती आधीच वाचलेली होती. पुस्तकं खालच्या कप्प्यात गेली.

*

आता माझं शहाणपण ऐका.

भाच्याच्या लग्नाला नागपूरला गेलो होतो. सीताबर्डीवर एका दुकानात भिंतीवरचा मोठा नकाशा दिसला. नवा कोरा, कापड लावलेला, वर-खाली लाकडी दांड्या. म्हटलं, शाळेला हाच! गोंदियाला गाडी बदलताना एका बाईनं त्याला मच्छरदाणीचा दांडा समजून किंमत विचारली. पण आणला बाप्पा सुखरूप, आणि तिसरीच्या भिंतीवर टांगला.

तिसरीत पुष्पा म्हणून एक पोरगी होती. घरी पक्की मराठी, पण शाळेत तोंड उघडलं की हिंदी. मी म्हटलं, "पुष्पा, बालाघाट शोध."

पोरगी पेन्सिल घेऊन आली. नागपूर सापडलं, भंडारा सापडला, गोंदिया सापडलं. मग पेन्सिल नकाशाच्या काठावर येऊन थांबली. अरे, मी महाराष्ट्राचा नकाशा आणला होता! पुष्पानं पेन्सिल काठाबाहेर दोन बोटं पुढे नेली आणि चुन्याच्या भिंतीवर एक ठळक टिंब काढलं.

"गुरुजी, हम यहाँ हैं. दीवार पे!"

वर्ग हसला. मीही हसलो, पण बरं वाटलं नाही. पुढल्या महिन्यात इन्स्पेक्टर साहेब आले, नकाशाकडे बघितलं आणि म्हणाले, "मास्टरजी, आपकी शाला कौन से प्रदेश में है, मालूम है ना?" नकाशा उतरवला. टिंब मात्र राहिलं, कारण त्या वर्षी चुना मारायला मंजुरी आली नाही.

*

सुमनबाईंनी मग ठरवलं, आपलं सामान आपणच आणायचं. दिवाळीच्या सुट्टीत गेल्या. परत आल्या त्या तोंड पाडून, आणि सहा हातरुमाल घेऊन.

"काहून बाई, बांगड्या नाई भेटल्या?" गुरुजींनी विचारलं.

"दुकानात गेली गुरुजी. मी मराठीत बोलून राह्यली, तं दुकानदार हिंदीत बोले. चार दुकानं फिरली, चारी ठिकाणी तेच! शेवटी वैतागून मीच हिंदीत बोलली. तं तो म्हणते कसा, 'बाई, तुम्ही बालाघाटकडच्या काय? बोला ना मराठीत!'"

मेश्राम मास्तर इतके हसले की चहा सांडला. गुरुजी हसले नाहीत. ज्या गावाच्या भरवशावर आपण इथं भिंत धरून बसलोय, त्या गावच्या दुकानातसुद्धा हे असं, ते त्यांना फार लागलं. बराच वेळ रुमालाची घडी उलगडून बघत बसले आणि म्हणाले, "हे इथं कोनाले सांगू नोका."

मी आज सांगतोय. आता ऐकून कुणाचं काय बिघडणार आहे?

*

मग शिक्षण खात्याची ती चिठ्ठी आली. पहिलीत वीस पोरं नसतील तर पहिलीचा वर्ग बंद, आणि आहेत तेवढी पोरं पलीकडच्या हिंदी शाळेत. पहिली गेली की चार वर्षांत सगळी शाळा जाणार, हे काय कुणी समजावून सांगायला हवं? गुरुजींची सव्वीस वर्षं त्या शाळेत गेली होती.

इन्स्पेक्टर साहेबांचं मन वळवावं म्हणून गुरुजी स्वतः नागपूरला गेले आणि संत्र्यांची टोपली घेऊन आले. रात्रभर मांडीवर घेऊन बसले होते, एकही फळ दबलं नव्हतं! साहेबांच्या बंगल्यावर आम्ही दोघं गेलो. साहेब माणूस वाईट नव्हता. एक संत्रं हातात घेऊन म्हणाला, "अरे गुरुजी, इतनी दूर से क्यों लाए? ये तो यहीं अपने बाज़ार में मिल जाते हैं."

खरंच होतं ते. व्हरांड्यात त्यांची तशीच एक टोपली ठेवलेली होती. आमची तिच्याशेजारी ठेवून आम्ही निघालो. वाटेत गुरुजी एकच वाक्य बोलले, "चुकलं मास्तर. साह्यबाले नाई, पोराइले आणा लागत होतं."

*

त्या उन्हाळ्यात गुरुजींनी मराठी बोलणारं एक घर सोडलं नाही. वस्तीत गेले, कॉलनीत गेले, सायकलवर भरवेलीच्या खाणीपर्यंत गेले. सगळीकडे आदर भरपूर! पाट दिला, चहा दिला, आणि वर हे उत्तर. "गुरुजी, मराठी तं पोरगी घरी बोलतेच ना. नोकरी हिंदीत लागते." गुरुजी चहा संपवून पुढच्या घरी जायचे. दुसऱ्यांचं कशाला? माझी स्वतःची धाकटी पलीकडच्या शाळेत होती. लाज वाटते सांगायला, पण होती.

मग गुरुजींनी मोठ्यांचा नाद सोडला आणि लहानांनाच विचारलं. "नागपूरहून काय आणू रे तुमच्यासाठी?"

सगळी एका सुरात ओरडली, "सीटी!"

गुरुजी पुन्हा नागपूरला गेले. आणल्या पंचवीस शिट्ट्या. लाल, हिरव्या, पिवळ्या, आत गोल दाणा खुळखुळणाऱ्या. आम्ही चौघांनी बसून एकेकीला दोरा ओवला. सुमनबाईंनी मेश्राम मास्तरांना बजावलं, "हा दोरा पुस्तकाले बांधू नोका!"

गावात बोभाटा झाला की मराठी शाळेत नाव घातलं की नागपूरची शिट्टी मिळते. पहिल्या दिवशी व्हरांड्यात पाय ठेवायला जागा नव्हती. गुरुजी नाव लिहायचे आणि स्वतःच्या हातानं पोराच्या गळ्यात शिट्टी घालायचे. नावं झाली तेवीस! वीस हवी होती, तेवीस झाली! सुमनबाईंनी डोळ्याला नागपूरचा रुमाल लावला. त्या रुमालांचा तेवढाच काय तो उपयोग झाला.

दुसऱ्या दिवशी अकरा पोरं आली. तिसऱ्या दिवशी सात. मी आणि मेश्राम मास्तर घरोघरी फिरलो. आईबापांनी हात जोडले. "पोट्टं शिट्टीसाठी लय रडलं गुरुजी, म्हणून नाव घातलं. राग मानू नका." शनिवारी वर्गात चार पोरं उरली.

आणि सोमवारी इन्स्पेक्टर साहेब मोजायला आले.

गुरुजी धुतलेलं धोतर नेसून, काळी टोपी घालून पहिलीच्या दारात उभे होते. साहेब खुर्चीवर बसले, हजेरीबुक उघडलं, समोरच्या चार पोरांकडे बघितलं, पुन्हा हजेरीबुकाकडे बघितलं. त्यांनाही अवघड झालं असावं. पेनाचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं.

तेवढ्यात पलीकडे हिंदी शाळेची सुट्टी झाली. एक शिट्टी वाजली. मग दुसरी. मग भिंतीपलीकडून असा कल्लोळ उठला की खिडकीवरचे कावळे उडाले.

साहेबांनी कानावर हात ठेवला. "ये इतना शोर किसका है?"

गुरुजी खिडकीजवळ गेले. बराच वेळ कान देऊन ऐकत राहिले. ओठ हलत होते. मग वळले आणि हजेरीबुकावर बोट ठेवून म्हणाले,

"आपलेच हायेत साह्यब. चार इथं बसले, एकोणीस तिथं वाजवून राह्यले. मोजून घ्या."