टेंगळाचा भरवसा

मुलांनो, आजोबांच्या डोक्यावरचा व्रण कशाचा, असं परवा विचारलंत, म्हणून लिहिते.

गेल्या वर्षी बेडसे लेण्यांच्या पायऱ्यांवर त्यांचं डोकं खडकाला जरासं आपटलं. तिथे बसलेली ताकवाली म्हणाली, "टेंगूळ आलंय न्हवं? मग आत काय न्हाई, आबा." आम्ही निर्धास्त झालो.

शेजारी शेंगा सोलून टरफलं रुमालात गोळा करणाऱ्या एका बाईंनी विचारलं, "रक्त पातळ व्हायची गोळी घेता?"

"घेतो."

"मग आत्ताच स्कॅन करा. मी शवविच्छेदन करते. टेंगळावर विसंबलेले माझ्याकडे येतात."

"मग तुमच्याकडे नकोच!" म्हणत आजोबा उठले.

स्कॅनमध्ये मेंदूभोवती रक्त साचू लागलेलं दिसलं. शस्त्रक्रिया वेळेत झाली; व्रण तिचाच. त्या बाईंचं नाव विचारायचं राहिलं.

काल आजोबा त्याच पायऱ्या माझ्या आधी चढले आणि वरून मला हाका मारत राहिले.